स्टिअरिंगवर भोईर

रमाकांत भोईर रिक्षात कधी मागं बसत नसे. मागं जागा रिकामी असली तरी तो ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर, एक पाय बाहेर काढून बसे. "मागं बसलं की माणूस सामान होतो," असं त्याचं म्हणणं. उल्हासनगरहून बदलापूरकडे येताना एकदा पोलिसानं रिक्षा अडवली. ड्रायव्हर गप्प, आणि बोलला भोईर. काय बोलला ते मला मागून ऐकू आलं नाही, पण शेवटी पोलीस हसत "जा दादा" म्हणाला, आणि भोईरनं त्यालाच वर सांगितलं, "उन्हात उभं राहू नका, डोक्याला रुमाल बांधा."

बुटका, रुंद, मानेभोवती ओला पंचा. शर्टाला ऑइलचे डाग आणि त्याच शर्टावर अत्तर. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात त्याचं गॅरेज होतं. सिंधी गिऱ्हाइकाशी सिंधीत, भय्याशी हिंदीत आणि आमच्याशी गावच्या मराठीत तो एकाच दमात बोले, आणि तिन्हीकडे हशा पिकवी.

आमची ओळख स्कूटरमुळे झाली. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. तेव्हा मी उल्हासनगरला भाड्यानं राहत होतो; एका सकाळी कामावर जाताना क्लच गेला. भोईरनं स्कूटर उघडली, प्लेटा पाहिल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या स्कूटरच्या प्लेटा काढून माझ्या गाडीत घातल्या.

"अहो, ती गाडी कोणाची?"

"एका शेठची. तो दुकानात बसलाय, त्याला संध्याकाळपर्यंत गाडी लागत नाय. तुला आत्ता जायचंय ना? मग जा."

पहिल्याच भेटीत तो मला अरे-तुरे करत होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी त्या शेठला तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. पण तो शेठ पुढंही वर्षानुवर्षं त्याच्याकडेच येत राहिला, हे मी पाहिलं आहे. भोईरचं असंच होतं. जो समोर उभा असेल तो त्याचा. त्या माणसासाठी तो काहीही करी. समोर नसलेल्या माणसाचं नंतर बघता येत असे.

त्याचं गाव बदलापूरला नदीच्या अंगाला, आणि आमची सोसायटी गाव आणि नदी यांच्या मधे. म्हणजे नदी फुगली की आधी आमच्याकडे येते. एका वर्षी पाणी तळमजल्याच्या खिडक्यांपर्यंत चढलं. आई तेव्हा पंचाहत्तरीची, गुडघे गेलेले, अंगानं जड. मी तिला जिन्यावर चढवायच्या खटपटीत होतो, तेवढ्यात छातीभर पाण्यातून भोईर आला. कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं पाठ वळवली आणि आईला म्हणाला, "आजी, बसा. पण डोळे मिटू नका हां, मला रस्ता कोण सांगणार?"

आई घाबरून रामाचा जप करत होती. दहा पावलांत जप थांबला आणि ती "डावीकडे घे रे, डावीकडे, तिथं गटार आहे" असं ओरडायला लागली. "बघा, आजी ड्रायव्हर झाल्या," भोईर म्हणाला. गावच्या शाळेत पोचेपर्यंत आई हसत होती. मी मागून तिची औषधं डोक्यावर धरून चाललो होतो. त्या दिवसापासून आमच्या घरी दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा भोईरकडे जाई, दुसरा देवापुढं.

पाणी उतरल्यावर गावच्या मंडळानं ठरवलं की पुढच्या वेळी आपली स्वतःची बोट हवी. मंडळाचा मुख्य काशीनाथ. तो जांभूळच्या पाण्याच्या केंद्रावर पंप चालवायचा. कमी बोलणारा, बोललेलं पाळणारा. खाडीवर पर्यटकांना फिरवणारी एक जुनी फायबरची बोट त्यानं मिळवली. इंजिन बोटीच्या पोटात, मागच्या बाजूला, आणि त्याला जोडलेला पंख्याचा पाय मागच्या भिंतीतून बाहेर पाण्यात. हा पाय डावी-उजवीकडे फिरला की बोट वळते. वळवायची सोय म्हणजे स्टिअरिंगपासून मागपर्यंत गेलेली एक लोखंडी केबल. ती नळीतच गंजून बसली होती. चाक वळवायला दोन माणसं लागत.

भोईरनं बोटीला प्रदक्षिणा घातली, एक लाथ घातली आणि निदान केलं. "ही उलटी गाडी हाय. हिला मागून वळवायचं. केबल फेका. जेसीबीसारखं करू, तेलावर. बोटाने वळंल."

म्हणजे हायड्रॉलिक स्टिअरिंग. चाकामागं एक छोटा पंप, तिथून दोन नळ्या मागपर्यंत, आणि मागं एक सिलिंडर. चाक फिरवलं की एका नळीतून तेल जातं, दुसरीतून परत येतं, सिलिंडरचा दांडा सरकतो आणि पाय वळवणाऱ्या दांडीला ढकलतो. मंडळानं नवा सेट आणला. भोईर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हा आपला पॉइंट झीरो. ह्याची कंपनी सिलिंडरचंच काम करते. ह्याच्याशिवाय होणार नाय." पॉइंट झीरो हे त्यानं माझ्या दशांशातल्या मोजमापांवरून मला ठेवलेलं नाव. मला ते आवडायचं.

तीन-चार रविवार आम्ही शाळेच्या मैदानात त्या बोटीवर होतो. मी मोजत होतो, भोईर करत होता. पायाची दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत किती सरकते, ते सिलिंडरच्या दांड्याच्या चालीशी जुळतं का, हे आधी पाहायला हवं. नाहीतर सिलिंडर पुढं जायला बघतो आणि पाय अडतो, आणि मग कुठंतरी काहीतरी तुटतं. सिलिंडर धरणारा ब्रॅकेट मी मालकांना विचारून आमच्या कारखान्यात करून घेतला. भोईरची मापं वेगळी होती. नखभर, सुपारीएवढं, विडीच्या जाडीचं. चाकामागच्या पंपासाठी भोक पाडायचं तर सेटबरोबर कागदी साचा आलेला होता. तो त्यानं घडी करून खिशात घातला आणि नजरेनं भोक पाडलं. भोक मोठं झालं. मी बोलायच्या आत त्यानं सागवानाची एक गोल चकती कापली, घासली, पॉलिश केली आणि पंपाभोवती बसवली. इतकी देखणी की काशीनाथला वाटलं ती सेटबरोबरच आली आहे. भोईरनं तसं वाटू दिलं.

नळ्या मी बांधल्या. इंजिनला घासणार नाहीत, पाय पूर्ण वर उचलला तरी ताणल्या जाणार नाहीत, वळणाशी चेपणार नाहीत, अशा. मग तेल भरायचं आणि हवा काढायची. हे दोघांचं काम. गाडीचे ब्रेक ज्यानं केलेत त्याला कळेल. एकजण चाकावर, दुसरा मागं सिलिंडरच्या टोकाशी पारदर्शक नळी आणि बाटली घेऊन. मागचा माणूस बोल्ट सैल करतो, पुढचा चाक फिरवतो, बुडबुड्यांसकट तेल बाटलीत येतं. मग बोल्ट बंद, आणि बंद झाल्याची हाक पुढं पोचल्याशिवाय चाक उलटं फिरवायचं नाही. फिरवलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

चाकावर कोण राहणार हे विचारायची गरज नव्हती. मी इंजिनच्या बाजूला डोकं खाली घालून, भोईर वर, आणि भोवती निम्मं गाव.

"फिरव!" मी ओरडे.

"फिरवलं!"

"बंद!"

"बंद बोलतोय साहेब! हालू नका कोणी, नाहीतर साहेब ओरडतील!" हशा.

एकदा गप्पांच्या नादात त्यानं चाक आधीच उलटं घेतलं. बाटलीतलं तेल फुर्रकन आत गेलं. आम्ही पुन्हा सुरुवात केली. शेवटी दोन्ही टोकांनी स्वच्छ तेल यायला लागलं, एकही बुडबुडा नाही. मी दोन्ही बाजूंना चाक दाबून धरायला लावलं, प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानं पुसून पाहिला. फडकं कोरडंच राहिलं. नदीत उतरवल्यावर बोट खरंच बोटानं वळली. भोईरनं एका बोटानं वळवून दाखवली, आणि गावानं त्याला हार घातला. हार काढून त्यानं माझ्या गळ्यात टाकला. "खरा मालक हा हाय," तो म्हणाला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या वेळी तो खरं बोलत होता.

पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. मी सकाळपासून कारखान्यात अडकलो होतो, रस्ते बंद. भोईर आणि काशीनाथ बोट घेऊन निघाले. खालच्या चाळीतून चारजणांना आणलं, परत गेले. दुसऱ्या खेपेला चाक जड झालं, आणि मग अडलंच. बोट एका बाजूला वळलेली, इंजिन चालू, ती गोल फिरत एका बुडालेल्या घराच्या कंपाउंडवर आदळली. काशीनाथनं भिंत ढकलायला हात पुढं केला, आणि उजव्या हाताची दोन बोटं बोट आणि भिंत यांच्यामधे गेली. बाकी सगळे वाचले. पण बोटीचा पाय मोडला, आणि चाळीतली उरलेली माणसं पाणी उतरेपर्यंत छपरावर बसून होती.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते सांगितलं दारावर येणाऱ्या भाजीवालीनं.

"काय ओ साहेब, तुमच्या त्या नळीत हवा राहिली म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"रमाकांतदादा. देवळात सगळ्यांसमोर. म्हणं, साहेबांनी बिचाऱ्यांनी केलं मनापासून, पण मागं हवा राहिली असंल. मेथी देऊ?"

आधी मी माझ्याकडून काही राहिलं का ते तपासायचं ठरवलं. बोट मैदानात ओंडक्यांवर ठेवली होती. काशीनाथच्या घरी जाऊन आलो. तो झोपलेला होता, त्याच्या बायकोनं पाणी दिलं, चहा विचारला नाही. मग सिलिंडर काढला आणि आतलं तेल एका काचेच्या बाटलीत सोडलं. थोडा वेळ ठेवलं तर त्याचे दोन थर झाले. वर आम्ही भरलेलं तेल, आणि खाली एक पातळ, पिवळट द्रव. वास ओळखीचा होता. ब्रेक ऑइल. गाडीच्या ब्रेकला ते योग्य असतं, कारण तिथली रबरं वेगळी असतात. या सिलिंडरचं रबर त्यात फुगतं. सेटबरोबर आलेलं सुटं सील, म्हणजे दांड्याभोवती बसणारं रबरी कडं, माझ्याकडे होतं. आतलं सील काढून शेजारी ठेवलं तर मोजायला काही लागलंच नाही, डोळ्यांना दिसत होतं. ते फुगून दांड्याला आवळून बसलं होतं. हवा राहिली असती तर चाक मऊ पडतं, रिकामं फिरतं. अडत नाही.

मी बाटली घेऊन कॅम्प तीनला गेलो. गॅरेजमध्ये तो एकटाच होता. त्यानं बाटली उजेडाकडे धरली, हलवली, खाली ठेवली.

"हां," तो म्हणाला. "मीच टाकलं. वरून तेल थोडं कमी दिसत होतं. पाऊस डोक्यावर. समोरच्या दुकानातून डबी आणली, ओतली."

"मला फोन का नाही केलास?"

"तू बोलला असतास बोट काढू नको. तुला मी ओळखत नाय काय?"

"मग देवळात हे का नाही सांगितलंस?"

तो स्पार्क प्लग पुसत होता. पुसतच राहिला.

"काशीनाथची बोटं गेली, सबनीस. त्याची पोरं माझ्या अंगाखांद्यावर वाढली. मी तिथला हाय. मला तिथंच मरायचंय, त्याच लोकांच्या खांद्यावर जायचंय. तुझं काय? फ्लॅट हाय. उद्या विकून ठाण्याला जाशील."

बावीस वर्षं मी तिथं राहतो आहे. हे मी त्याला सांगितलं नाही. तो माझ्यापेक्षा चांगलं जाणत होता, कारण सामान उतरवायला तोच आला होता. मी एवढंच म्हणालो, "रमाकांत, मी तिथं असतो तर तू हे बोलला असतास?"

"नाय," तो लगेच म्हणाला. "तू समोर असतास तर कसा बोललो असतो?"

आणि मग, माझ्या हातावर हात ठेवून, "सांगतो मी. काशीनाथ जरा बरा होऊ दे. आपला शब्द."

काशीनाथ बरा झाला. कामावर जायला लागला. भोईरचा शब्द आला नाही. घरी आईला मी सगळं सांगितलं, बाटलीही दाखवली. आईनं ती हातात घेतली नाही. "रमाकांत खोटं बोलेल?" ती म्हणाली. "मला पाठीवरून नेणारा माणूस? तुझंच काहीतरी राहिलं असेल. नीट आठव." त्या रात्री मी जेवलो नाही. आईनं विचारलंही नाही.

शेवटी मंडळाच्या बैठकीला मी स्वतःच गेलो. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती. भोईर खांबाला टेकून बसला होता. मी बाटली मधे ठेवली. दोन्ही सील शेजारी ठेवली. हवा राहिली तर काय होतं, रबर फुगलं तर काय होतं, सोप्या शब्दांत सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की यात नंतर कोणीतरी ब्रेक ऑइल टाकलं आहे, आणि ज्यानं टाकलं त्यानं सांगावं. लोकांनी बाटली हातोहात फिरवली. एकानं वास घेतला आणि दुसऱ्याकडे दिली.

काशीनाथनं मान वळवली. "रमाकांतदादा, तू चाकावर होतास. तू काय टाकलंस काय?"

त्यानं हो म्हणावं एवढंच मला हवं होतं. मी त्याला काही बोललो नसतो. उलट मीच म्हणालो असतो की घाईत होतं असं, माणसं वाचवायची होती.

भोईरनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत, हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब शिकलेले आहेत. ते बोलतात तर असंल तसं. माझ्या अंगावर टाका, मला चालंल."

इतकंच. ओट्यावरची माणसं हळहळली. कोणीतरी म्हणालं, "दादा, तू कशाला अंगावर घेतोस?" काशीनाथनं बाटली उचलून माझ्या हातात दिली, डाव्या हातानं. "राहू द्या आता साहेब. झालं ते झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला समजून घेतल्यासारखा होता. बावीस वर्षांत भोईरनं मला साहेब म्हटलं ते थट्टेत. त्या दिवशी पहिल्यांदा थट्टा नव्हती.

मी मंडळात जाणं सोडलं. नंतर त्यांना दुसरी बोट मिळाली, मागं टांगलेल्या इंजिनाची. तिच्यासाठी मला कोणी बोलावलं नाही. रस्त्यात भोईर भेटला की मी मान वळवी, आणि तो रिक्षाच्या पुढच्या सीटवरून हात उंचावून "काय पॉइंट झीरो!" ओरडे, जसं काही घडलंच नव्हतं. आईला भेटायला तो येत राहिला, मी कामावर असताना. ती गेली तेव्हा खांदा द्यायलाही आला. मी त्याला अडवलं नाही. आईला ते आवडलं नसतं.

त्याला नीट पाहिलं ते काशीनाथच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. घर आता उंच जोत्यावर बांधलेलं. आमंत्रण द्यायला काशीनाथ स्वतः आला होता, म्हणून गेलो. दुपारची पंगत बसली होती. माझ्या शेजारी नगरपालिकेत नव्यानं आलेला एक तरुण इंजिनिअर होता. वाढणाऱ्यांत भोईर होता, पंचा कमरेला बांधलेला, हातात पुरणपोळ्यांचं ताट. आता थोडा वाकला होता. तो आमच्यासमोर थांबला आणि त्या तरुणाला म्हणाला,

"ह्यांना ओळखता का? हे सबनीस साहेब. असा माणूस ह्या पट्ट्यात नाय. मागं बोटीच्या टायमाला ह्यांच्याकडून जराशी हवा राहिली. माणूस हाय, चुकतो. पण आजपर्यंत ह्यांना कोणी एक शब्द बोललेला मी ऐकून घेतला नाय. विचारा काशीनाथला."

काशीनाथ पलीकडे उभा होता. त्यानं मान डोलवली.

"खरंच?" तो तरुण माझ्याकडे आदरानं बघत म्हणाला. "बोटीवर काम केलंय तुम्ही?"

मी भोईरच्या डोळ्यांत पाहिलं. कुठंतरी काहीतरी लपवल्याची एखादी रेघ सापडेल असं मला वाटलं होतं. तिथं काही नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. डबी, दुकान, गॅरेजमधलं आमचं बोलणं, यातलं काही त्याच्याजवळ उरलं नव्हतं. एका मित्राकडून चूक झाली आणि आपण ती पोटात घातली, एवढंच त्याच्यापाशी होतं. त्यानं मला मनापासून माफ केलं होतं.

"नाही, आणखी नको," मी म्हणालो.

"असं कसं? घ्या साहेब." त्यानं वाकून दोन पोळ्या माझ्या पानात ठेवल्या, वर तूप सोडलं, माझ्या खांद्यावर हात दाबला आणि पुढच्या पानाकडे गेला. "साहेबांना दूध आणा रे!" तो कोणाला तरी ओरडून सांगत होता.

मी दोन्ही पोळ्या खाल्ल्या. पानात टाकायची आमच्याकडे पद्धत नाही.